टॅनी हेस्टरच्या अंगणातला पाद्री

रोईक्लिप नावाच्या समुद्रकाठच्या गावात पांढरा रंग दोन प्रकारचा असतो. एक आपला साधा पांढरा, आणि दुसरा टॅनी हेस्टरचा पांढरा. मोठ्या बाईला इथे मानाने टॅनी, म्हणजे मावशी, म्हणतात आणि मोठ्या माणसाला ऊम, म्हणजे काका. नवरीची चादर, बाप्तिस्म्याचं झबलं, पाद्रीसाहेबांच्या गळ्यातली टाय, डोंगराच्या अंगाला असलेल्या पाहुणेघराची टेबलावरची कापडं, यातलं काहीही हेस्टर अडोनिसच्या अंगणातून जाऊन आल्याशिवाय ते धुतलं गेलं असं गावात कुणी मानत नाही. आग्नेयेचा वारा सुटला की तिच्या तारेवरच्या चादरी शिडासारख्या फुगतात. मासे घेऊन परतणारे नावाडी म्हणतात, आम्ही हेस्टरच्या चादरी बघूनच होडी वळवतो. त्यात खरं किती आणि लाडीगोडी किती, देव जाणे. पण हे कुणी तिच्या कानावर घातलं की ती "हं, पुरे झाला चावटपणा" म्हणते आणि दुसऱ्या दिवशी तार आणखी वीतभर वर बांधते.

धुणं तिच्याकडे आईकडून आलं. आईची आई बंदरावरच्या गोऱ्या साहेबांचे कपडे धुवायची. आई शाळेच्या वसतिगृहाचे. हेस्टरला चालता येऊ लागलं तेव्हापासून तिच्या हाताला साबणाचा वास. लग्नही धुण्यातूनच जमलं. एवर्ट अडोनिस मासेमारीच्या बोटीवर स्वयंपाकी होता. एकदा त्याने सदरा धुवायला टाकला. त्यावर कालवणाचा एक जबरदस्त डाग. हेस्टर म्हणाली, डाग गेल्याशिवाय सदरा मिळणार नाही. डाग जाईना, म्हणून सदरा मिळेना, म्हणून एवर्ट रोज दारात येऊन उभा. शेवटी तो म्हणाला, "हेस्टर, डाग राहू दे. सदराही राहू दे. तूच चल." ती गेली, पण सदरा बरोबर घेऊन.

हेस्टरचे हात चालायचे तशीच जीभही चालायची. एवर्टचे गुडघे बोलू लागल्यावर त्याने बोट सोडली आणि तो ओट्यावरच्या बाकावर रूइबॉस चहाचा मग घेऊन कायमचा बसला. तेव्हापासून त्या जिभेला दिवसभराचं गिऱ्हाईक मिळालं. एवर्ट सगळं ऐकून घ्यायचा. इतकी वर्षं लाटांचा आवाज ऐकलेला माणूस तो. त्यातलं काय ऐकायचं आणि काय नुसतं वाहू द्यायचं हे त्याला बरोबर कळायचं.

गावाच्या टोकाला, खडकांवर, पेंग्विनांची वस्ती पूर्वीपासून होती. अलीकडे ते गावात शिरू लागले होते. कुणाच्या झुडपाखाली, कुणाच्या गाडीखाली, कुणाच्या जिन्याखाली. हेस्टरच्या अंगणात मात्र एकही नव्हता, कारण तिथे हेस्टर होती.

उन्हाळा उतरत आला होता; इकडे दक्षिणेला तो नाताळात भरात असतो आणि ईस्टरपर्यंत उतरतो. एका सकाळी ती चादरींना नीळ देत असताना जवळच कुठेतरी गाढव ओरडलं. साधंसुधं नाही, आधी भात्यासारखा दम भरून घेतला आणि मग असं काही रेकलं की बादलीतलं पाणी थरथरलं. हेस्टर तडक कुंपणापाशी गेली. पलीकडे मेराय प्लाटयीस राहायची. ती तळलेले मासे आणि तळलेल्या पावाचे गोळे विकायची. तिच्या कढईचा धूर हेस्टरच्या धुण्यावर यायचा, आणि या एका धुरावरून दोघींचं अर्धं आयुष्य भांडण चाललं होतं.

"मेराय! तुझ्या गाढवाचं तोंड बांध!"

मेरायने कढईवरून मान वर केली. "कुठलं गाढव?"

"असं विचारतेस जसा काही कळप पाळलायस. तुझा योनास!"

"योनास गेला, हेस्टर. गेल्या हिवाळ्यात. पुरायला तू आली होतीस. खड्डा वाकडा खणलाय म्हणून बोलली होतीस."

"मग ओरडतंय कोण?"

"मला काय माहीत? एवर्ट घोरत असेल."

"मी जागा आहे, मेराय," ओट्यावरून आवाज आला.

तेवढ्यात पुन्हा तो भाता भरला, पुन्हा ते रेकणं. या वेळी आवाज सरळ हेस्टरच्याच धुणंघराच्या मागून आला. मेराय कमरेवर हात ठेवून म्हणाली, "गाढव तुझ्याकडे आहे, बाई," आणि पुन्हा कढईकडे वळली.

धुणंघराच्या मागे एक मोठी फरशी आहे. तिच्याखालून वाळू वाहून गेल्याने बीळ झालं होतं. त्या बिळाच्या तोंडाशी एक पेंग्विन पालथा पडून पायांनी वाळू मागे उडवत होता, आणि ती वाळू थेट नुकत्याच पिळलेल्या कपड्यांच्या टोपलीत पडत होती. हेस्टरची सावली पडताच तो उठला. काळा कोट, पांढरी छाती, छातीवर घोड्याच्या नालेसारखा काळा पट्टा, डोळ्यांवर गुलाबी कातडी. मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवून त्याने तिला दोन्ही डोळ्यांनी आळीपाळीने पाहून घेतलं. पण हेस्टरची नजर दुसरीकडेच होती. त्या पांढऱ्या छातीवर इथे-तिथे काळे ठिपके होते, शाईचे शिंतोडे उडावेत तसे.

"याची आई कपडे धुते की नुसती भिजवते?" ती म्हणाली आणि झाडू आणायला गेली.

झाडूची लढाई फार वेळ चालली नाही. पेंग्विनाची चोच म्हणजे पक्कड. त्याने आधी झाडूचं टोक पकडलं, मग हेस्टरचा एप्रन. तो सोडेना, ती हरेना. दोघं धुणंघराभोवती एक फेरी मारून आली तेव्हा ओट्यावर एवर्ट पोट धरून हसत होता. शेवटी एप्रनची नाडी तुटली. पेंग्विन एप्रनसकट बिळात गेला, पाठ फिरवली, शेपूट उचललं आणि एक लांबलचक पांढरी पिचकारी सोडली. ती पाहुणेघराच्या सर्वांत मोठ्या टेबलक्लॉथवर आडवी उमटली.

त्या दिवशी हेस्टर जे बोलली ते मेरायने तळणी थांबवून ऐकलं.

काही दिवसांनी मादी आली. दोघं समोरासमोर उभं राहून माना खाली घालायचे, चोची एकमेकांवर वाजवायचे, मग आकाशाकडे तोंड करून दोघंही रेकायचे. एवर्टने आपला बाक उचलून धुणंघराच्या बाजूला आणला होता.

"बघ हेस्टर, ती घरी आली की तो कसा मान वाकवतो."

"मग शीक काहीतरी त्याच्याकडून!"

"शिकायचं काय त्यात? माझी मान सरळ असलेली तू कधी बघितलीस?"

एवर्टला ते पक्षी आवडले याचं कारण त्याने मेरायला कुंपणावरून हळूच सांगितलं होतं: "ते आल्यापासून माझ्या वाटणीच्या शिव्या निम्म्यावर आल्यात."

हेस्टरने मग पक्षी-संरक्षणवाल्यांना बोलावलं. झोलेका नावाची तरुण मुलगी होती. खाकी कपडे, धुळीने माखलेला छोटा ट्रक. तिने फरशीखाली विजेरी मारली आणि पोटावर झोपूनच म्हणाली, "टॅनी, उशीर झाला. दोन अंडी आहेत."

"मग अंड्यांसकट उचल."

"नाही उचलता येत. कायदा आहे. हे पक्षी फार उरले नाहीत आता. अंडी फुटून पिल्लं समुद्रात जाईपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

"कायदा? माझ्या धुणंघरात?"

"टॅनी, त्यांना वाटतं हे त्यांचंच धुणंघर आहे. एकदा जागा पसंत पडली की दरवर्षी तिथेच येतात. आणि बहुतेक याच जोडीदाराबरोबर."

"दरवर्षी?" हेस्टर मटकन उलट्या बादलीवर बसली.

"आणि त्याचे ते डाग?" जाता जाता एवर्टने विचारलं. "हिला वाटतं ते मळलेत."

झोलेका हसली. "प्रत्येकाचे ठिपके वेगळे असतात, ऊम एवर्ट. त्यावरूनच आम्ही त्यांना ओळखतो. ते जन्माचे आहेत, निघत नाहीत."

"प्रयत्न केलाय का कुणी?" हेस्टरने विचारलं.

ईस्टर जवळ आलं. रोईक्लिपमध्ये ईस्टर म्हणजे घराघरात कांदा, हळद आणि व्हिनेगरमध्ये मुरत घातलेले मासे, आणि चर्चमध्ये कडक इस्त्रीचे कपडे. पाद्री किलियन यांची पांढरी टाय दरवर्षीप्रमाणे हेस्टरकडे आली. तिने ती धुतली, खळ दिली, तारेवर चिमट्यात लावली आणि जेवायला गेली. परत येऊन बघते तर चिमटा आहे, टाय नाही.

आता वाऱ्याने टाय उडू शकते, हे हेस्टरलाही कळत होतं. पण वाऱ्याशी भांडता येत नाही आणि मेरायशी येतं. रविवारी चर्चच्या दारात, सगळ्या मंडळींसमोर, ती मेरायला म्हणाली, "माझ्या तारेपर्यंत कुंपणापलीकडून एकच हात पोचतो."

मेरायने आपला स्कार्फ सोडला आणि मान पुढे केली. "बघ. आहे का माझ्या गळ्यात? मी पाद्रीसाहेबांची टाय घेऊन काय करू, तेल गाळू?"

"तुझं तेल गाळायचीच गरज आहे!"

दोघींचं बोलणं बंद झालं. म्हणजे एकमेकींशी बंद झालं. एकमेकींबद्दल दुप्पट सुरू झालं.

टाय सापडली ती एवर्टला. पक्ष्यांची पाळी बदलत होती. नर समुद्रावरून पोट भरून आला, मादी अंड्यांवरून उठली, आणि तिच्या पोटाखालून काटक्या, शेवाळ, एप्रनची नाडी आणि पांढऱ्या टायचं टोक दिसलं. एवर्टने अख्खी संध्याकाळ ही गोष्ट पोटात ठेवली. सांगितलं तरी शिव्या, न सांगितलं तरी शिव्या. मग निदान चहा तरी शांतपणे प्यावा, असा त्याचा हिशोब होता. सकाळी तो म्हणाला, "हेस्टर, टाय सापडली."

"कुठे?"

"आहे. एका सभ्य गृहस्थाकडे."

झोलेकाला फोन केला तर ती म्हणाली, "टॅनी, हात घालू नका. अंडी थंड पडतील, आणि बोट जाईल ते वेगळंच."

तेव्हा हेस्टर स्वतः पाद्री किलियनकडे गेली. उंच, किडकिडीत, जरा विसरभोळा माणूस. त्यांनी आधी दोनदा विचारून खात्री करून घेतली की टाय आपलीच आहे ना. मग तिच्याबरोबर आले, गुडघे टेकून फरशीखाली डोकावले. आतून पेंग्विनाने मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवून त्यांना पाहिलं. काळा कोट, पांढरी छाती, आणि खाली खळ दिलेली टाय.

पाद्रीसाहेब उठले, गुडघे झटकले. "टॅनी हेस्टर, माझ्यापेक्षा त्यालाच शोभते. आणि तो तिचा उपयोगही जास्त चांगला करतोय."

गुड फ्रायडेला ते उघड्या गळ्याने उभे राहिले आणि का उभे राहिले ते त्यांनी सांगितलं. त्या दिवशी हसायचं नसतं. सगळे हसले. आणि त्या दिवसापासून गावाने पक्ष्याचं नाव पाद्री ठेवलं. मादी ओघानेच पाद्रीणबाई झाली. मग काय, "हेस्टरच्या अंगणात पाद्री कालपासून बोंबलतोय," "पाद्रीने टॅनीच्या चादरीवर पिचकारी मारली," अशी वाक्यं दुकानात सर्रास ऐकू येऊ लागली. नवीन आलेला एखादा पाहुणा ऐकून गोरामोरा व्हायचा.

राहिला प्रश्न मेरायचा. शनिवारी हेस्टर झाकलेला वाडगा घेऊन कुंपणापाशी उभी राहिली.

"मासे जास्त झालेत," ती म्हणाली.

"एवढंच?" मेरायने विचारलं.

"कांदाही जास्त झालाय."

"आणखी काही?"

हेस्टरने समुद्राकडे पाहिलं. "टाय पक्ष्याकडे होती."

"मग?"

"मग काय? तो बोलला नाही, त्याला मी काय करू!"

मेरायने वाडगा घेतला, झाकण उचलून वास घेतला. "वाडगा धुऊन देईन," ती म्हणाली. "तुझ्याइतका नाही, पण देईन."

याला माफी म्हणायचं की नाही यावर एवर्टने बराच विचार केला आणि मगात आणखी चहा ओतून घेतला.

अंडी फुटली. आधी एक पिल्लू, दोन-तीन दिवसांनी दुसरं. तपकिरी लवीचे दोन गोळे. आईबाप पाळीपाळीने समुद्रावर जायचे. परत आले की पिल्लं त्यांच्या घशात चोच खुपसून आतले मासे काढून खायची. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा हेस्टरने "शी, तोंडातलं तोंडात!" म्हणून तोंड फिरवलं. मग पुन्हा वळून बघितलं. मोठं पिल्लू धाकट्याला ढकलून सगळं आपणच गिळत होतं.

"ए खादाड! त्याला दे! भाऊ आहे तुझा!"

त्या दिवसापासून कपडे घासताना तिचा एक डोळा फरशीकडे असायचा. मोठ्याला ती दिवसभर रागवायची, धाकट्याची बाजू घ्यायची, आणि धाकट्याच्या तोंडात घास पडला की साबणाचा हात जोरात चालायचा. झोलेका वजन करायला यायची तेव्हा हेस्टर दारातच विचारायची, "माझ्या धाकट्याचं किती?" मोठ्याचं कधी विचारलं नाही. हिवाळा संपता संपता दोघांची लव गळून निळसर करडा कोट आला, आणि एक दिवस दोघंही निघून गेले. कुणी शिकवायला नाही, कुणी पोचवायला नाही. पाठोपाठ आईबापही गेले.

फरशीखाली चिखल, काटक्या आणि एक चिंधी उरली. हेस्टरने ती चिंधी उकळली. टाय होईल असं त्यात काही उरलं नव्हतं. तरी तिने ती नीट इस्त्री केली.

एवर्टच्या वाटणीच्या शिव्या पुन्हा पुऱ्या भरल्या.

नाताळ जवळ आला. पाहुणेघर भरलं आणि धुण्याचे ढीग आले. त्याच सुमारास पाद्री परतला. एकटाच, आणि इतका लठ्ठ की त्याला रस्ता ओलांडताना बघून मेरायने कढईवरून हाक मारली, "पाद्रीसाहेब, नाताळ अजून यायचाय!" तो धुणंघराच्या मागे येऊन उभा राहिला. ना रेकणं, ना वाळू उडवणं. नुसता उभा.

मग त्याची पिसं फुगली, उभी राहिली आणि गळू लागली. आधी पाठीची, मग छातीची. फाटक्या उशीसारखा दिसू लागला तो. आग्नेयेचा वारा ती पिसं उचलून ओल्या चादरींवर चिकटवू लागला. पहिल्या दिवशी हेस्टर कडाडली. दुसऱ्या दिवशी निम्मीच कडाडली. तिसऱ्या दिवशी तिने पिसं निमूटपणे वेचली आणि एवर्टला म्हणाली, "याला काहीतरी झालंय."

एवर्टने ताजे बांगड्याएवढे मासे आणले आणि त्याच्यापुढे ठेवले. पाद्रीने तोंड फिरवलं. एवर्टने ते बारीक कापून ठेवले. पुन्हा तोंड फिरवलं. "इतकी वर्षं बोटीवर रांधलं," एवर्ट दुखावल्या आवाजात म्हणाला, "वादळातसुद्धा माझ्या हातचं कुणी नाकारलं नाही."

मेरायने कुंपणावरून पाहिलं आणि निदान केलं. "सोडा! सोडा टाकतेस ना तू पाण्यात? पाद्रीला उकळून काढलंस!"

गावाला एवढं पुरे होतं. संध्याकाळपर्यंत दुकानात ऐकू येऊ लागलं: "हेस्टरने पाद्रीला जरा जास्तच घासलं." कुणी विचारलं, "डाग तरी गेले का?"

एरवी अशा बोलण्याला हेस्टरने सात पिढ्या पुरतील अशी उत्तरं दिली असती. पण या वेळी तिच्या मनातही तीच भीती होती. पाद्री परतला त्याच दिवशी तिने ती फरशी सोड्याच्या गरम पाण्याने खरवडून धुतली होती. तो भिजला होता का? शिंतोडे उडाले होते का? तिला आठवेना. आणि तो तिच्याकडे बघत उभा असायचा, अर्धा जुना, अर्धा उघडा, चोच छातीत खुपसून. त्या अवस्थेत तिने गावातल्या सर्वांत गरीब माणसालाही बाहेर जाऊ दिलं नसतं.

झोलेकाचा फोन लागत नव्हता; ती बेटावर पक्षी मोजायला गेली होती. म्हणून हेस्टरने दोन गोष्टी केल्या. एक, धुणं थांबवलं. नाताळच्या तोंडावर हेस्टरची तार रिकामी! लोक येऊन बघून गेले. एका नावाड्याने एवर्टला गंभीरपणे विचारलं, टॅनी आजारी आहेत का, की देवाघरी गेल्या. दोन, तिने पाद्री किलियनना बोलावलं.

"टॅनी," ते म्हणाले, "मी माणसांचा पाद्री."

"तोही पाद्रीच आहे. एकमेकांचं बघायला नको का?"

पाद्रीसाहेबांनी टोपी काढली. वाऱ्याने चार पिसं त्यांच्या डोक्यावर बसवली. त्यांनी डोळे मिटले आणि सर्व लहानमोठ्या जिवांसाठी, उघड्यांसाठी आणि उपाशी असलेल्यांसाठी छोटीशी प्रार्थना केली. ती संपताच पेंग्विनाने मान झटकून जोरात शिंक दिली.

"आमेन म्हणाला," एवर्ट म्हणाला. हेस्टरने त्याला कोपर मारलं.

झोलेका आली तेव्हा तिच्यापुढे सगळे उभे होते: हेस्टर हात पुसत, एवर्ट माशाची थाळी घेऊन, मेराय झारा घेऊन. तिने पक्ष्याकडे पाहिलं, यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि ती हसत हसत ट्रकच्या पायरीवर बसली.

"टॅनी, त्याला काही झालं नाही! पिसं टाकतोय तो. सगळेच टाकतात, दरवर्षी."

"सगळी पिसं? एकदम?"

"एकदम. दुसरे पक्षी थोडी थोडी टाकतात, यांचं तसं नाही. जुनी पिसं झिजली की पाणी आत शिरतं. नवी येईपर्यंत समुद्रात जाता येत नाही. समुद्र नाही तर मासे नाहीत. म्हणून आधी भरपूर खाऊन येतो आणि मग किनाऱ्यावर उपाशी उभा राहतो. आपण आणलेलं तो खायचा नाही, ऊम एवर्ट. मनाला लावून घेऊ नका."

"मी कुठे लावून घेतलं?" असं म्हणत एवर्टने थाळी मेरायच्या हातात दिली.

"आणि सोडा?" हेस्टरने अगदी हळू विचारलं.

"सोड्याने पिसं गळत नाहीत. पण साबणाचं पाणी नव्या पिसांना लागलं तर ती भिजतात, आणि भिजला तर गारठून मरेल. त्याची पिसं पुरी येईपर्यंत इथे साबण नको."

"मग मी धुऊ कुठे? आभाळात?"

सगळ्यांच्या नजरा कुंपणाकडे गेल्या. मेराय एक मासा उलटासुलटा करून बघत होती.

"माझ्या पत्र्याखाली जागा आहे," ती माशाला म्हणाली. "सकाळी तू धू. मी दुपारनंतर तळीन. फक्त जीभ तुझ्याच घरी ठेवून यायची."

"जीभ ठेवून आले तर तू कंटाळून मरशील."

"हेही खरं," मेराय म्हणाली.

तर नाताळचं सगळं धुणं मेरायच्या अंगणात झालं. चादरींना पहिल्यांदाच धुराचा वास नव्हता, कारण धूर करणारी चिमटे लावत होती. पहिल्या दिवशी तिने चादरी उलट्या बाजूने लावल्या. हेस्टरने त्या काढून सुलट्या लावल्या. मेराय म्हणाली, वाऱ्याला उलटसुलट कळत नाही. हेस्टर म्हणाली, गिऱ्हाइकाला कळतं. पाद्री एवढा वेळ आपल्या फरशीजवळ उभा राहून दिवसेंदिवस रोडावत होता आणि त्याच्या पायाशी पिसांचा ढीग वाढत होता. हेस्टर जाता-येता त्याच्याशी चार शब्द बोलायची. काय बोलायची ते एवर्टला ऐकू येत नसे, पण आवाज रागावल्याचा नव्हता.

मग एका सकाळी ती इस्त्रीच्या कपड्यांची टोपली घेऊन निघाली आणि धुणंघराच्या कोपऱ्यावर थबकली. पाद्री उन्हात उभा होता. पाठ ओल्या काळ्या दगडासारखी, कडा अशा की कात्रीने कापल्यात. आणि छाती पांढरी. सुरकुती नाही, पिवळटपणा नाही, कुठे निळीची छटा जास्त नाही. तिने टोपली खाली ठेवली. वरचा उशीचा अभ्रा उचलला, तिने स्वतः धुतलेला, पाहुणेघराचा सर्वांत चांगला. तो हातभर अंतरावर पक्ष्याच्या बाजूला धरला. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं. मग अभ्रा घडी करून पुन्हा टोपलीत ठेवला, अगदी तळाशी.

"एवर्ट," ती म्हणाली, "चहा टाक."

"काय झालं?"

"काही नाही. ठिपके मात्र गेले नाहीत हं त्याचे."

दुपारी पाद्री निघाला. फाटकातून बाहेर पडून तो रस्त्याच्या मधोमध डुलत चालू लागला. हेस्टर मागोमाग, येणाऱ्या गाड्यांना एप्रन दाखवून थांबवत. मागून एवर्ट गुडघे सांभाळत, आणि त्याच्या मागून मेराय, कढई विस्तवावर तशीच सोडून. खडकांपाशी तो थांबला, लाटेकडे डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, आणि पालथा झाला. रस्त्यावर म्हाताऱ्या वाण्यासारखा डुलणारा तो पाण्यात शिरला आणि बाणासारखा गेला. काळं डोकं एकदा वर आलं, मग दिसलं नाही.

"भूक लागली असेल त्याला," एवर्ट म्हणाला.

"लागायलाच हवी," हेस्टर म्हणाली. "इतके दिवस." मग नाक ओढून तिने वर वारा फार आहे म्हणून सांगितलं.

इकडे मेरायचे मासे जळून कोळसा झाले.

त्यानंतर झोलेकाने अंगणासाठी सिमेंटची घरटं-पेटी आणून दिली. त्यात सावली राहते, अंडी तापत नाहीत, समुद्रपक्ष्यांना ती पळवता येत नाहीत. हेस्टरने पेटीत डोकावून पाहिलं, "यात राहायचं त्यांनी? हा असा कचरा?" असं म्हणाली आणि ती आतून-बाहेरून घासली, नुसत्या पाण्याने, साबण न लावता. उन्हात वाळवली. तोंड वाऱ्याच्या विरुद्ध करून ठेवली. उन्हाळा उतरताना पाद्री आणि पाद्रीणबाई आले, पेटीवरून नजर फिरवली आणि सरळ आपल्या जुन्या फरशीखाली शिरले.

रागाने हेस्टरने पेटी मेरायच्या कुंपणात ढकलून दिली. आठवडा झाला नाही तोच एका नव्या, तरुण जोडीने ती पटकावली. मेराय गावभर सांगत सुटली की माझी जोडी शांत आहे, सभ्य आहे, पिचकारीसुद्धा कुंपणापलीकडे मारते. नाताळापासून धुणं मेरायच्या पत्र्याखालीच राहिलं होतं, पण आता हेस्टर चार दिवस तिच्याकडे धुवायला गेली नाही. पाचव्या दिवशी धुणं फार साचलं म्हणून गेली. घंगाळं ठेवलं, बाह्या वर सारल्या आणि म्हणाली, "ती पेटी मी घासली होती."

"म्हणून तर आले ते," मेराय म्हणाली.

हे टोचून म्हटलं की खरंच म्हटलं, हे हेस्टरला ठरवता येईना. मग पाहुणेघराच्या चादरी भिजत घातल्या आणि मेरायला म्हणाली की तुझा स्कार्फ दे, किती मळलाय.